सांत आंतोनचा डावा हात

आसोळण्याहून एस्कोलास्तिका बाय आली,
बसने, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला संत घेऊन.
कंडक्टर म्हणाला, पोराचं अर्धं तिकीट काढा.
ही म्हणाली, पोर नव्हे रे, म्हातारा आहे, माझ्याहून.

कुंकळ्ळीचं माझं दुकान म्हणजे पाट, पाळणे, लाटणी,
लाखेचा वास, चिंचोक्याची खळ शिजलेली.
त्या पसाऱ्यात तिने त्याला उभं केलं.
फणसाचं लाकूड, वीत आणि वर चार बोटं,
तपकिरी झगा, कमरेला दोर,
उजव्या हातात लिलीची दांडी, फूल झडलेलं,
डावा हात कोपरात वाकलेला
आणि त्यावर काहीच नाही.

इथे बाळ होतं, मी म्हटलं.
होतं, ती म्हणाली.
वाळवीने पायाचा अंगठा खाल्लाय, तेवढा बघ.

आमच्या घराण्याला संतांची सवय आहे.
आजोबांनी लुसीचे डोळे रंगवले,
बशीतले वेगळे, चेहऱ्यावरचे वेगळे.
सेबास्त्यांवच्या जखमांना दर तीन वर्षांनी हिंगूळ.
सान रोकाच्या कुत्र्याच्या तोंडात जे आहे
ते पाव की भाकरी, मी लहानपणी विचारलं.
म्हणाले, तुला भूक असेल ते.
नावं चुकली तर चालतं, जखमा जागच्या हलता कामा नयेत.

तिचे तेरा मंगळवार चालू होते, मोडायचे नव्हते.
रंग वाळायला वेळ लागतो.
म्हणून चार मंगळवार माझ्याकडे पडले.
स्टुलावर बसायची, चपला बाहेर काढून,
आणि अर्ध्या रंगलेल्या पाटांसमोर लादाईन म्हणायची.
हाक तिचीच, प्रतिसादही तिचाच.
हस्तिदंती मनोऱ्या.
सोन्याच्या घरा.
मी मनात वर्खाचा भाव करायचो.
स्वर्गाच्या दारा. मी बिजागऱ्या मोजायचो.
पहाटेच्या ताऱ्या.
इथे मात्र ब्रश थांबायचा.

तिसऱ्या मंगळवारी तिचा घसा बसला.
एक हाक गेली आणि मागे कोणीच आलं नाही.
माझ्या तोंडून निघालं, ओरा प्रो नोबिस,
आजोबांकडून ऐकलेलं,
उच्चार खळीसारखा चिकट.
तिने मान वर केली नाही. पुढचं नाव घेतलं.
मी पुढचं उत्तर दिलं.
भिंतीवर माझा गणपती, ताज्या जास्वंदीखाली,
त्याचाही वार तोच.

रात्री शिवणीच्या तुकड्यातून बाळ कोरलं,
अंगठ्याएवढं, एक मूठ मिटलेली.
शेवटच्या दिवशी तिच्या तळहातावर ठेवलं.
तिने उलटसुलट पाहिलं, बुडाखाली फुंकर मारून भुसा उडवला.
छान झालंय, म्हणाली, आणि परत दिलं.

क्रिझोस्तोम बोटीवर गेला त्याच वर्षी हे पडलं,
की कोणी काढलं, आठवत नाही.
घर झाडलं. विहीर उपसली.
बोटीच्या कंपनीचं पत्र आलं, मग शोधायचं सोडलं.
याच्याकडे लोक काय काय मागतात,
किल्ली, अंगठी, चुकलेला रेडा, पळालेला नवरा.
ज्याचं स्वतःचं काही हरवलं नाही
तो दुसऱ्याचं कशाला जीव लावून शोधील?

मी पैसे कमी सांगितले. तिने पूर्ण दिले.
एक गोष्ट तिला सांगितली नाही:
वाकलेल्या हाताच्या आत, जिथे बाळ टेकलेलं असे,
तिथे जुना रंग झिजून लाकूड गुळगुळीत झालं होतं.
तेवढी जागा मी रंगवली नाही.

बाळ राहिलं माझ्याकडे, ब्रशांच्या डब्यात,
मग खणात, मग कुठेतरी.
काल सबंध दुकान पालथं घातलं.
पाळण्यांच्या आतसुद्धा हात घालून पाहिला.

आज मंगळवार.
आसोळण्याची बस सव्वापाचला सुटते.